शेठचा दुखवटा

दारव्हा,
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय राजू,

जय सेवालाल. तू, उज्ज्वला आणि मैत्रेयी तिघंही बरे असाल अशी आशा करते. इकडे आम्ही ठीक आहोत.

आधी बातमी. आपल्या बाने बिडी सोडली त्याला तेरा महिने झाले. काल मंगळवारी दारव्ह्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना नळीच्या यंत्रात तीनदा फुंकायला लावलं आणि सांगितलं की सकाळचा खोकला गेला आहे, दम गेल्या वर्षीपेक्षा बराच टिकतो आहे, आणि शहात्तराव्या वर्षी हे थोडं नाही. एकाच माणसाच्या शब्दावर मी बातमी देत नाही हे तुला माहीत आहे. म्हणून तांड्यावर जाऊन देवीलालच्या दुकानातही विचारलं. तो म्हणाला, "ताई, मागच्या साली नऊ जानेवारीले काकानं बिडीचा शेवटचा कट्टा नेला. तवापासून माह्या दुकानात येऊन बसतात, चहा पेतात, दुसऱ्या गिऱ्हाइकाले बिडी घेऊ देत नाहीत. माहा धंदा बसवून राह्यले, पन कट्टा नाही नेला."

दोन साक्षी झाल्या. आता तूही ही बातमी खरी धरायला हरकत नाही.

दोनदा फोन केला होता, तू कामात होतास. म्हणून कागदावर लिहिते. तू पुसदला आश्रमशाळेत होतास तेव्हा दर पंधरा दिवसांनी तुला पोस्टकार्ड टाकायचे, तो हात अजून गेलेला नाही. बाचं बोलणं वऱ्हाडीत उतरवते आहे. गोरबोलीत लिहायला आपल्याला कोणी शिकवलं नाही.

बा अजून तांड्यावरच राहतात. मी किती म्हटलं तरी दारव्ह्याला माझ्याकडे येत नाहीत. मीच आठवड्यातून दोनदा जाऊन येते. तूर निघाली. कापसाची शेवटची वेचणी चालू आहे. पूर्वी वावरात पोचेपर्यंत बांधावर दोनदा बसावं लागायचं, आता एका दमात जातात. गेल्या बाजारी बोरी अरबला पायी गेले आणि येताना माझ्यासाठी वांगी आणली. कोणी भेटलं की छाती पुढे काढून सांगतात, "तेरा महिने झाले." समोरच्याने काय झालं म्हणून विचारावं, असा त्यांचा बेत असतो. आणि विचारलं नाही तरी ते सांगतातच. राजू, मला त्यांचा फार अभिमान वाटतो. आपला बा कोणाचं ऐकणारा नाही, हे आपण दोघांनी लहानपणापासून पाहिलं आहे.

आता मे महिन्यातल्या त्या लेखाबद्दल.

एकतीस मे, तंबाखूविरोधी दिन. दुपारी तीनला संपादकांचा फोन आला की जिल्हा पानासाठी सहाशे शब्द हवेत, पाचच्या आत, आणि त्यात एखादा खरा माणूस हवा. त्याआधीच्या हिवाळ्यात मी आरोग्य खात्यासाठी रेडिओचा एक संदेश लिहून दिला होता. तीस सेकंदांचा. एक म्हातारा खोकतो, नात विचारते, "आजोबा, माझ्या लग्नात नाचणार ना?" तो संदेश डिसेंबरपासून रोज सकाळी लागायचा आणि जानेवारीत बाने बिडी सोडली. मी दोन आणि दोन चार केले. "रेडिओवरचा संदेश ऐकून पंच्याहत्तर वर्षांच्या आजोबांनी सोडली बिडी" असं लिहून पाऊण तासात पाठवलं. कात्रण तुलाही पाठवलं होतं. तू फोनवर फक्त "छान" एवढंच लिहिलंस. त्या एका शब्दात काय होतं ते मला कळलं. तू वीस वर्षं बाला बिडी सोडा म्हणत होतास आणि श्रेय माझ्या तीस सेकंदांना गेलं.

ते श्रेय खोटं होतं. लिहिण्याआधी मी बाला विचारलंच नव्हतं. शंभर अनोळखी माणसांना मी "का?" म्हणून विचारते आणि माझ्याच बापाला विचारलं नाही.

दिवाळीत तांड्यावर गेले. घर झाडताना पाहिलं तर कोनाड्यात, आपल्या आईच्या, याडीच्या फोटोजवळ, बिडीचा एक कट्टा होता. उचलून उलटसुलट पाहिला. कट्टा फोडलेला नव्हता.

"बा, हे काय?"

"राहू दे तो. शेठचा होय."

"कोण शेठ?"

"बिडीवाला शेठ, आनखी कोन? गेला ना तो. तुले नाही मालूम? पेपरवाली ना तू?"

मग त्यांनी सविस्तर सांगितलं. आपल्या लहानपणी कट्ट्याच्या कागदावर मालकाचा फोटो असायचा, आठवतो? काळी टोपी, भरघोस मिशा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट. बाला अक्षर येत नाही, ते फोटो पाहून कट्टा ओळखायचे. देवीलालच्या बापाला म्हणायचे, "एक शेठ दे." चाळीस वर्षं तो टोपीवाला माणूस त्यांच्या खिशात होता. कितीतरी नातेवाइकांपेक्षा जवळचा. मग सरकारी इशारा आला. टोपीवाला बारीक होऊन एका कडेला गेला आणि कागदभर दुसरा माणूस आला, जबड्याला जखम झालेला. आपण त्याखालची ओळ वाचतो. बाने चेहरा वाचला. कट्ट्यावर फोटो असतो तो मालकाचा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी असं जुळवलं की कडेचा फोटो शेठच्या तरुणपणचा आणि मोठा आताचा. शेठ आजारी पडला.

"मले वाटलं, पाय बरं किती सच्चा मानूस! आपलं दुखनं लपवत नाही. गिऱ्हाइकाले दाखवून राह्यला."

"मग तुम्हाला भीती नाही वाटली?"

"भीती काहून वाटन? दया आली. कट्टा काढला की म्हनो, कसं आहे शेठ? औषध-पानी चालू आहे ना?"

नऊ जानेवारीला देवीलालने नवा कट्टा दिला. चित्र बदललं होतं. सरकार मधूनमधून बदलतं, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. नवा माणूस तरुण होता. बाने देवीलालला विचारलं, हा कोण? देवीलाल वजन करत होता, म्हणाला, "फोटो बदलला काका." झालं. बा कट्टा घेऊन घरी आले, आंघोळ केली आणि शेठचा दुखवटा धरला. तेरा दिवस गोड नाही, बिडी नाही. ज्याची बिडी चाळीस वर्षं ओढली त्याच्यासाठी एवढं करायला नको का, असं त्यांचं म्हणणं. चौदाव्या दिवशी दुखवटा सुटणार होता. त्यांनी कट्टा हातात घेतला, आणि परत ठेवला.

"काहून?" मी विचारलं.

"तेरा निघाले त चौदावाही निघते."

एवढंच बोलले. पुढे आणखी काहीतरी होतं असं मला वाटलं, पण त्यांनी विषय बदलला.

माझ्या रेडिओच्या संदेशाबद्दलही मी विचारलं. नसतं विचारलं तर बरं झालं असतं. "तो खोकते तो मानूस? तो रोज सकाळी दोन गान्याच्या मधात लागे. तो लागला की मले बिडी पेटवाले टाइम भेटे."

हस आता. मीही हसले, पण दोन दिवसांनी.

तर आता अडचण अशी आहे. बाला मी खरं सांगितलेलं नाही. दिवाळीपासून तीन महिने गप्प आहे. शेठ गेला नाही, तो फोटो शेठचा नव्हताच, हे कळलं आणि त्यांनी तो कट्टा फोडला तर? तेरा महिन्यांची कमाई एका चुकीवर उभी आहे आणि मला ती चूक माहीत आहे. तू त्या छपाईच्या कारखान्यात आहेस, हीच पाकिटं तुझ्या मशीनवरून निघतात. तो माणूस कोण आहे ते तुला माहीत असेल तर लिही. आणि सांगू की नको, तेही.

मैत्रेयीचा फोन आला होता. तिच्या साखरपुड्याचा गूळ दोन मार्चला पुण्यात हॉलमध्ये ठरला आहे असं ती म्हणाली. होणाऱ्या जावयाच्या, प्रेमच्या घरच्यांचा तांडा पुसदजवळ, आपला बोरी अरबजवळ, आणि गूळ पुण्यात. उज्ज्वलाशीही बरंच बोलणं झालं. ते भेटीतच बरं. याडी गेली तेव्हा तू तिसऱ्याच दिवशी निघून गेलास, त्याला आता सहा वर्षं होतील. त्याबद्दलही आज लिहीत नाही.

तब्येतीची काळजी घे. हे मी नुसतं रीत म्हणून लिहीत नाही.

तुझी ताई,
शीला

*

दारव्हा,
२२ फेब्रुवारी २०२५

प्रिय राजू,

जय सेवालाल. तुझं पत्र बुधवारी मिळालं. सहा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजूनही डावीकडे झुकतं.

बाला खरं सांगितलं. परवा, गुरुवारी दुपारी, तांड्यावर, तांड्याचे नायक उत्तमसिंग काकांसमोर. बिडी अजून बंदच आहे. आज सकाळी देवीलालला फोन करून पुन्हा खात्री करून घेतली.

आता क्रमाने.

तुझ्या चार ओळी मी पाच वेळा वाचल्या. "चित्र दिल्लीहून येतं. त्यावर नाव नसतं. आम्ही फक्त रंग जुळवतो, जखमेचा लाल बरोबर उतरला की नाही ते बघतो. बाला खरं सांग, तू बातमीदार आहेस." आणि खाली, "हॉलचं ठरलं आहे." जखमेचा लाल जुळवणं हे तुझं रोजचं काम आहे, हे मला कधी सुचलंच नव्हतं. पंधरा वर्षं तू ती चित्रं हजारांनी पाहतो आहेस. इतकी पाहिल्यावर माणसाला ती दिसत असतील का, असा प्रश्न मला पडला.

तुझं ऐकून मी आधी माझं घर साफ केलं. संपादकांना म्हटलं, मेमधल्या लेखाची दुरुस्ती छापायची आहे. ते म्हणाले, "ताई, नऊ महिन्यांपूर्वीचं कोणाच्या लक्षात आहे?" मी म्हटलं, माझ्या. कालच्या अंकात पान चारवर आली आहे, पाच ओळी, माझ्या नावासकट. संबंधित गृहस्थांनी बिडी सोडण्याचं कारण रेडिओवरचा संदेश नव्हता. तीस वर्षांत इतक्या बातम्या छापून आल्या, पण इतक्या समाधानाने पेपर उघडला नव्हता.

गुरुवारी गेले तेव्हा बा आणि नायक काका ओसरीवर तूर निवडत होते. मी चहा ठेवला आणि सरळ सांगून टाकलं. तो शेठ नव्हता. ते सरकारचं चित्र होतं, बिडी ओढणाऱ्याला काय होतं ते दाखवणारं. शेठचा आणि त्याचा काही संबंध नाही.

नायक काकांना आधी समजलं नाही. मग समजलं, आणि ते असे हसले की सुपातली तूर अंगणात गेली. "अरे खेमसिंग! तू त बिडीवाल्याचा वारस निघाला बापा! तेरा दिवस! तिकडं शेठ जित्ता बसला असन दूध-भाकर खात, अन् तू इकडं त्याच्या नावानं आंघोळ करून राह्यला!"

बा हसले नाहीत. उठले, आत गेले, कोनाड्यातला कट्टा घेऊन आले. माझ्यासमोर त्यांनी तो फोडला. राजू, तेवढ्या क्षणात मला स्वतःचा इतका राग आला. वाटलं, संपलं. आपल्या खऱ्या-खोट्याच्या हौसेपायी म्हाताऱ्याची बिडी परत सुरू केली. बिड्या त्यांच्या एका हातात आणि कागद दुसऱ्या हातात. वास आला. नायक काकांनी सूप खाली ठेवलं.

बाने कागद गुडघ्यावर ठेवून सरळ केला.

"मंग हा कोन होय?"

"माहीत नाही बा."

"तू पेपरवाली. तुले मालूम नाही?"

"राजूलाही विचारलं. तो हेच छापतो. त्यालाही माहीत नाही."

"नाव नाही? गाव नाही? कोन्या तांड्याचा, कोनाचा कोन, काहीच नाही?"

"नाही."

"पन मानूस खरा होय ना? का तेही चित्र काढेल आहे?"

मी म्हटलं, माणूस खरा असावा.

बाने कागदावरच्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "मंग दुखवटाही खराच होय. शेठसाठी नसन त त्या पहिल्या फोटोवाल्यासाठी, अन् याच्यासाठी. यायचा कोनी धरला असन नसन."

आणि बिड्या चहाच्या चुलीत टाकल्या. सगळ्या. ओसरीभर धूर झाला. नायक काका खोकत ओरडले, "अरे मले त द्यायच्या होत्या! जाळून काय भेटलं तुले?"

"तुले देऊन तुहा दुखवटा कोन धरीन? माह्यानं आता होत नाही," बा म्हणाले. मग मात्र दोघंही हसले.

माझ्या हातून चुकीवर उभं राहिलेलं मोडेल अशी मला भीती होती. ते चुकीवर उभं नव्हतंच. निदान आता तरी नाही. हा माणूस एक अक्षर वाचू शकत नाही, पण त्या कागदावर काय छापलं आहे ते त्याच्याइतकं कोणी वाचलं नसेल.

नायक काका गेल्यावर मी पुन्हा विचारलं, चौदाव्या दिवशी कट्टा परत का ठेवला होता? या वेळी त्यांनी विषय बदलला नाही.

नव्या कट्ट्यावरचा तरुण त्यांना शेठचा मुलगा वाटला होता. बाप गेला, गादीवर मुलगा बसला, आणि त्यालाही तेच दुखणं. "बापाचं पोरात आलं," ते म्हणाले. "म्या तेरा दिवस त्या पोराकडं पायलं. मले राजू दिसे."

तुला आठवतं का ते मला माहीत नाही. मला आठवतं. तू सात-आठ वर्षांचा असशील. बा बाजेवरून हाक मारायचे आणि तू चुलीतून बिडी पेटवून न्यायचास. विझू नये म्हणून वाटेत एक झुरका मारायचास. याडी रागवायची, बा म्हणायचे, पोरगं हुशार आहे, बिडी विझू देत नाही. ते परवा हेच आठवत होते. म्हणाले, "राजूले पहिली बिडी म्याच देली. कोन्या दोस्तानं नाही."

आणि मग याडीचं. मला हे लिहायचं नव्हतं, पण त्यांनी तुला कळवायला सांगितलं आहे. याडी दम लागूनच गेली. एका खोलीचं घर, चुलीचा धूर आणि बाची बिडी. तू तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांना म्हणालास, निदान तेरा दिवस तरी ओढू नका. त्यावर त्यांनी भर बैठकीत तुला म्हटलं, "पहिले आपला खिसा पाय." तुझ्या खिशात सिगारेटचं पाकीट होतं. तू उठून गेलास. बा आता म्हणतात, "पोरगं बराबर बोलून राह्यलं होतं, म्हनून मले राग आला. मानीच्या, तुह्या याडीच्या तेरा दिवसात म्या रोज कट्टा संपवला. जे मानीले नाही देलं ते शेठले देलं. अन् शेठ शेठही नव्हता."

हे सांगताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. ते तूर निवडत होते.

आता माझी पाळी. मागच्या पत्रात मी उज्ज्वलाचं बोलणं भेटीवर टाकलं होतं. भेट होईल की नाही हे माहीत नसताना तसं लिहिणं म्हणजे टाळणंच. ती म्हणाली की तू दिवसाला वीस ओढतोस. तू सिगारेटी पाकिटातून काढून गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत भरतोस आणि पाकीट कारखान्याच्या दाराशीच टाकून घरी येतोस. तुला सकाळी जिन्यावर थांबावं लागतं. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरने छातीचा फोटो काढायला सांगितला आणि तू अजून गेला नाहीस. मी मैत्रेयीलाही विचारलं. तिने तेच सांगितलं आणि रडली. दोन साक्षी आहेत, राजू.

त्या डबीचा मी पुष्कळ विचार केला. ती चित्रं तुला दिसत नसतील असं मी वर लिहिलं, ते चुकलं. दिसत नसती तर डबी कशाला लागली असती?

मी तुला उपदेश करणार नाही. तीस सेकंदांत उपदेश करून पाहिला, लोकांनी तेवढ्यात बिडी पेटवली. मी फक्त घरातली खबर कळवते आहे.

तर गुळाबद्दल. उज्ज्वला आणि प्रेमची आई आपसात बोलल्या आहेत. पुसदकडच्या मंडळींना तांड्यावरच गूळ झालेला हवा आहे, पुण्याला जायला त्यांची माणसं नाखूश आहेत. मी नायक काकांशी बोलले. पण एक पेच होता. आपल्या तांड्यात गूळ वाटण्याआधी काय होतं ते तुला माहीत आहे. कट्टा मधोमध ठेवतात, मुलीकडचा सगळ्यात मोठा माणूस पहिली बिडी पेटवून आपल्या मुलाच्या हातात देतो, मुलगा ती पाहुण्यांना नेऊन देतो आणि मग बोलणं सुरू होतं. मैत्रेयीकडून सगळ्यात मोठे बा. बा म्हणाले, मी पेटवणार नाही.

नायक काका उसळले. "न पेटवता बोलनं सुरू केलं त पाहुने म्हनतील, पोरगी द्यायची नाही यायले! माह्या आज्याच्या आधीपासूनचं आहे हे!"

"तुह्या आज्याच्या टाइमाले आपन बैलावर मीठ वाहत होतो," बा म्हणाले. "आता काहून नाही वाहत?"

काल सकाळी तांड्यातली सात-आठ वडीलधारी माणसं बसली. मलाही बसू दिलं, लिहून घ्यायला म्हणून. तासभर चाललं. त्यांचं ठरलं ते असं: मोठ्याने काय द्यायचं ते मोठ्याने ठरवावं, पण ते मुलाच्याच हातून पाहुण्यांकडे गेलं पाहिजे. तेवढी रीत मोडायची नाही. बा म्हणाले, गुळाचा पहिला खडा देईन. नायक काकांनी मान डोलावली आणि वर म्हणाले, "पन पोरगं कुठं आहे? खेमसिंग, तुह्या एका हातानं नाही भागत इथं."

सगळे बाच्या तोंडाकडे बघू लागले. बा म्हणाले, "येईन तो." कोणाला विचारून म्हणाले ते मला माहीत नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं तर मला म्हणाले, "त्याले लिहून दे. म्हनाव, कोनी खिसा पायनार नाही."

ते जसं बोलले तसं लिहिलं आहे. एक शब्दही माझा नाही.

पुढे काय होणार आहे ते कळवते, म्हणजे तुला ठरवणं सोपं जाईल. उज्ज्वला मंगळवारी हॉल रद्द करणार आहे, तू त्याआधी नाही म्हणाला नाहीस तर. तिने तिघांची शुक्रवारच्या गाडीची तिकिटं काढली आहेत. तुझं तिकीट मैत्रेयीने स्वतःच्या पगारातून काढलं, हे तुला सांगू नको असं तिने मला बजावलं होतं. गाडी शनिवारी सकाळी सातच्या सुमारास दारव्ह्याला पोचेल. मी स्टँडवर असेन. बा पण येणार म्हणतात. शनिवारीच अकरा वाजता डॉक्टरीणबाईंनी तुला दहा मिनिटं दिली आहेत. मी विचारलं होतं, त्या हो म्हणाल्या. जायचं की नाही ते तू ठरव. रविवारी, दोन मार्चला, सकाळी अकराला पुसदची मंडळी येतील, तीसएक माणसं. बैठक नायक काकांच्या अंगणात. बाच्या उजव्या हाताची जागा मोकळी ठेवायची असं बैठकीत ठरलं आहे, आणि तिथे दुसऱ्या कोणाला बसवायचं नाही, असंही.

अजून न घडलेली बातमी आयुष्यात पहिल्यांदाच लिहून तयार ठेवलेली,
तुझी ताई,
शीला